दोन द्रावणं एकत्र आली की माझं उत्तर चुकतं

रसायनशास्त्राच्या एका विद्यार्थिनीचं पत्र आलंय. मोलॅरिटीची (एक लिटर द्रावणात पदार्थाचे किती मोल, म्हणजे कणांची किती ठरावीक मापं) व्याख्या तिला पाठ आहे आणि एकाच द्रावणाची गणितं ती न अडखळता सोडवते. पण दोन द्रावणं मिसळली, साका (न विरघळता खाली बसणारा पदार्थ) पडला, तो किती ग्रॅम आणि मागे द्रावणात काय उरलं, असं विचारलं की ती अडकते. मैत्रिणीने तिला ‘एम-वन व्ही-वन बरोबर एम-टू व्ही-टू’ हे सूत्र सगळीकडे लावायला सांगितलं. त्याने कधी उत्तर जुळतं, कधी नेमकं निम्मं येतं. शेवटी तिने वहीत अशा गणितांचे अकरा प्रकार पाडले, प्रत्येकाची रीत पाठ केली, आणि चाचणीत बारावा प्रकार आला. सोबत तिने ती यादी आणि सोडवलेलं एक गणित पाठवलंय: ५०.० मि.लि. ०.१०० मोलर लेड नायट्रेटमध्ये ७५.० मि.लि. ०.१२० मोलर पोटॅशियम आयोडाइड ओतलं, तर लेड आयोडाइड किती पडेल आणि कोणता आयन (प्रभार असलेला कण) किती उरेल? तिचं उत्तर २.३०५ ग्रॅम, आणि उरलेलं आयोडाइड ०.०५३ मोलर. पुस्तकातलं उत्तर २.०७ ग्रॅम, आणि उरतं ते लेड. ‘माझं गणितच कच्चं आहे. हा विषय सोडून द्यावा का?’ असं तिने शेवटी विचारलंय.

प्रिय मैत्रिणी,

तू पाठवलेलं पान मी ओळ न ओळ तपासलं. गुणाकार बरोबर, भागाकार बरोबर, दशांशचिन्ह जिथल्या तिथे. मिलिलिटरचे लिटर करतानाही तू चुकलेली नाहीस, आणि तिथे भलेभले चुकतात. ज्याचं गणित कच्चं असतं त्याचं पान असं दिसत नाही. तुझी चूक दोन जागी आहे आणि दोन्ही जागी आकडेमोडीचा काही दोष नाही. चंचुपात्रात काय चाललंय ते तुझ्या डोळ्यांपुढे आलं नाही, एवढंच झालंय. म्हणून ‘माझं गणित कच्चं’ हे वाक्य आधी बाजूला ठेव. त्यावर विश्वास ठेवून तू भलत्याच दुखण्यावर औषध घेते आहेस.

मोलॅरिटीपासून सुरुवात करू, कारण ती तुला येते असं तू म्हणतेस आणि व्याख्या खरोखरच येते. पण ०.१२० मोलर म्हणजे किती पोटॅशियम आयोडाइड, असं कोणी विचारलं तर काय सांगशील? उत्तर देताच येत नाही. मोलॅरिटी म्हणजे पदार्थ नव्हे, पदार्थाची दाटी. बाटलीतून पाच मि.लि. काढ नाहीतर पाचशे, दाटी तीच. आणि दुसरं द्रावण त्यात ओतलं की त्याच क्षणी ती बदलते, कारण तेवढेच आयन आता जास्त जागेत पसरतात. मोल मात्र ओतल्याने बदलत नाहीत. पिपेटमधून जेवढे आयन सोडलेस तेवढेच चंचुपात्रात उतरतात. किती पदार्थ लागेल या हिशेबात अभिक्रियेला दाटीशी देणंघेणं नसतं. एका आयनाला दुसरा भेटतो तो नगाला नग असा. त्यामुळे अशा गणितात मोलॅरिटी दोनदाच हातात घ्यायची: सुरुवातीला, तिच्यातून मोल काढून घेण्यापुरती, आणि अगदी शेवटी, उरलेल्याची दाटी सांगायची असेल तर. मधल्या सगळ्या वाटेवर फक्त मोल.

इथे एक सवय लावून घे, पुढे पुष्कळ श्रम वाचतील. मिलिलिटरला मोलॅरिटीने गुणलं की सरळ मिलिमोल मिळतात. लिटर करायला नकोत, शून्यांची रांग नको. तुझ्या गणितात लेड नायट्रेट ५०.० × ०.१०० म्हणजे ५.०० मिलिमोल, आणि पोटॅशियम आयोडाइड ७५.० × ०.१२० म्हणजे ९.०० मिलिमोल. तुझ्या पानावर हे आकडे मोलमध्ये आहेतच. इथपर्यंत तू बरोबर होतीस.

आता बाटलीवरचं नाव विसर. ‘लेड नायट्रेट’ असं लेबल असलं तरी आत लेड नायट्रेटचे कण पोहत नाहीत. पाण्यात गेल्याबरोबर लेड वेगळं आणि नायट्रेट वेगळं झालं. एका लेडमागे दोन नायट्रेट, म्हणून ५.०० मिलिमोल लेड आणि १०.० मिलिमोल नायट्रेट. दुसऱ्या बाटलीत ९.०० मिलिमोल पोटॅशियम आणि ९.०० मिलिमोल आयोडाइड. दोन्ही ओतल्यावर चार जातींचे आयन एकाच पाण्यात. यातली कोणती जोडी पाण्यात टिकत नाही, हा खरा रसायनशास्त्राचा प्रश्न आहे, आणि त्यासाठी थोडं पाठांतर लागतंच. सोडियम, पोटॅशियम, अमोनियम आणि नायट्रेट यांची नेहमीची क्षारं विरघळलेली राहतात. सिल्व्हर आणि लेड यांची क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइडशी गाठ पडली की साका. बेरियम किंवा लेड सल्फेटला भेटलं की साका. कार्बोनेट आणि फॉस्फेट बहुतेक धातूंना खाली बसवतात, सोडियम-पोटॅशियम-अमोनियम सोडून. एवढ्यावर अभ्यासक्रमातली बहुतेक गणितं निभतात. आपल्या चार आयनांत लेड आणि आयोडाइड एकत्र आले की पिवळाधमक साका पडतो. पोटॅशियम आणि नायट्रेट आधी जसे होते तसेच राहतात.

इथे तुझी पहिली चूक आली. तुझ्या वहीत लिहिलंय: ‘लेड ५, आयोडाइड ९, लेड कमी म्हणून लेड आधी संपेल.’ जो कमी तो आधी संपतो, हे इतकं स्वाभाविक वाटतं की तपासावंसंच वाटत नाही. पण लेड आयोडाइड म्हणजे एका लेडला दोन आयोडाइड. पाच लेडची गरज दहा आयोडाइडची, आणि तुझ्याकडे आहेत नऊ. संपतं ते आयोडाइड. त्याचं आकारमान जास्त होतं, मोलॅरिटी जास्त होती, मोलही जास्त होते, तरी तेच आधी संपलं! हे गणित ज्याने घातलं त्याने मुद्दाम असं रचलेलं दिसतंय, आणि चांगलं रचलंय. लिमिटिंग रिएजंट, म्हणजे आधी संपणारा पदार्थ, ठरवताना ‘किती आहे’ एवढ्यावर थांबू नकोस, ‘समोरच्याला किती हवं’ तेही विचार. सोपी रीत म्हणजे प्रत्येकाचे मिलिमोल संतुलित समीकरणातल्या त्याच्या सहगुणकाने (इथे एक लेड, दोन आयोडाइड) भागायचे: लेडचे ५.०० ÷ १ = ५.००, आयोडाइडचे ९.०० ÷ २ = ४.५०. भागाकार ज्याचा लहान, तो लिमिटिंग. आणि हा ४.५० आकडा पुढे वाया जात नाही. तेवढेच मिलिमोल लेड आयोडाइड पडणार. एका मोलचं वस्तुमान ४६१.० ग्रॅम, म्हणून ४.५० × ४६१.० म्हणजे २०७४.५ मिलिग्रॅम. तीन सार्थ अंकांत २.०७ ग्रॅम. जुळलं.

उरलं काय? लेड ५.०० होतं, ४.५० साक्यात गेलं, ०.५० मिलिमोल द्रावणात राहिलं. त्याची मोलॅरिटी काढताना भागायचं कशाने? तू ७५.० ने भागलंस, कारण आयोडाइड त्या बाटलीतून आलं होतं. ही तुझी दुसरी चूक, आणि तिचं मूळही तेच, डोळ्यांपुढे बाटली राहिली. एकदा ओतल्यावर ती बाटली संपली. आता एकच द्रावण आहे, १२५.० मि.लि.चं. (पातळ जलीय द्रावणांची आकारमानं सरळ बेरजेने मिळतात असं या गणितांत धरतात, आणि तेवढं चालतं.) ०.५० ÷ १२५.० म्हणजे ०.००४० मोलर. नायट्रेट १०.० ÷ १२५.० म्हणजे ०.०८०, पोटॅशियम ९.०० ÷ १२५.० म्हणजे ०.०७२.

आता एक गोष्ट, जी मला या सगळ्यात सर्वांत जास्त आवडते आणि जी फारसं कोणी शिकवत नाही. द्रावणावर एकूण विद्युतप्रभार नसतो. म्हणून धन आयनांचा हिशेब आणि ऋण आयनांचा हिशेब जुळलाच पाहिजे. धन बाजूला पोटॅशियमचे ०.०७२, आणि लेडवर दोन प्रभार म्हणून ०.००४० ची दुप्पट ०.००८०, मिळून ०.०८०. ऋण बाजूला नायट्रेटचे ०.०८०. शेवटचा आयोडाइड संपलेला. जुळलं! तुझ्या उत्तरात हेच करून बघ. तुझ्या मते आयोडाइड उरलं ४.०० मिलिमोल आणि लेड शून्य. मग धन बाजूला फक्त ९.०० पोटॅशियम, आणि ऋण बाजूला १०.० नायट्रेट अधिक ४.०० आयोडाइड. नऊ विरुद्ध चौदा. पुस्तकाची शेवटची पानं न उघडता तुला कळलं असतं की कुठेतरी बिघडलंय. परीक्षेत ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे.

मैत्रिणीच्या सूत्राबद्दल. तिने चांगल्या मनाने सांगितलं, पण ते सूत्र विरलनाचं आहे. त्याचा अर्थ इतकाच की पाणी घातल्याने मोल बदलत नाहीत, म्हणून आधीचा मोलॅरिटी-आकारमान गुणाकार आणि नंतरचा सारखा. दोन पदार्थांच्या अभिक्रियेत ते लावलं की आपण नकळत धरून चालतो की एकाला एकच लागतो. सिल्व्हर नायट्रेट आणि सोडियम क्लोराइड असेल तर तसंच असतं, म्हणून तिथे तुझं उत्तर जुळलं. आता २५.० मि.लि. ०.१५० मोलर कॅल्शियम क्लोराइडमधलं सगळं क्लोराइड पाडायला ०.२०० मोलर सिल्व्हर नायट्रेट किती लागेल, ते काढ. सूत्र म्हणेल १८.७५ मि.लि. पण कॅल्शियम क्लोराइड ३.७५ मिलिमोल म्हणजे क्लोराइड ७.५० मिलिमोल. त्याला सिल्व्हर ७.५० मिलिमोल हवं, म्हणजे ३७.५ मि.लि. सूत्रावर विसंबलीस तर निम्मं क्लोराइड द्रावणातच राहील. ‘कधी नेमकं निम्मं येतं’ असं तू लिहिलंस ना, त्याचं कारण हे. सूत्र फेकून देऊ नकोस, पाणी घालून द्रावण पातळ करताना ते अगदी बरोबर आहे. साक्याच्या गणितात मात्र ते आणू नकोस.

सिल्व्हर क्लोराइड आलंच आहे तर सांगते. १८३२ मध्ये गे-ल्युसॅक या फ्रेंच शास्त्रज्ञाने चांदीचा कस काढायची नवी रीत प्रसिद्ध केली. चांदी आम्लात विरघळवायची आणि ठाऊक असलेल्या दाटीचं मिठाचं द्रावण त्यात सोडत जायचं, नवा साका पडायचा थांबेपर्यंत. किती द्रावण खर्ची पडलं त्यावरून चांदी किती, ते कळतं. तू आज वहीत जे करतेस ते हेच आहे, मोजायला आकारमान आणि हाती लागतात मोल.

तुझ्या अकरा प्रकारांकडे वळते. त्या यादीमागे केवढी मेहनत आहे ते मला दिसतंय, म्हणून हे लिहिताना जड जातं, पण ती यादीच तुला अडवते आहे. मी तुझे प्रकार वाचले. ‘साक्याचं वस्तुमान दिलेलं, मोलॅरिटी काढा’ हा तुझा सातवा, ‘आकारमान काढा’ हा चौथा, ‘एक द्रावण जास्त प्रमाणात’ हा नववा. हे वेगळे प्रकार नाहीत. वाट एकच आहे: दिलेल्या गोष्टीपासून मोलपर्यंत, समीकरणातल्या प्रमाणाने दुसऱ्याच्या मोलपर्यंत, तिथून विचारलेल्या गोष्टीपर्यंत. कोणत्या टोकाने शिरायचं तेवढं बदलतं. तुझा सातवाच घे. २०.० मि.लि. सोडियम सल्फेटच्या द्रावणात बेरियम क्लोराइड भरपूर घातलं, साका गाळला, धुतला, वाळवला आणि तो ०.७०० ग्रॅम भरला. सल्फेटची मोलॅरिटी किती? तू लिहिलंयस, ‘बेरियमची मोलॅरिटीच दिलेली नाही, गणित अपुरं आहे.’ अपुरं नाही. ‘भरपूर’ या शब्दातच सगळं सांगितलंय. सल्फेट शेवटच्या आयनापर्यंत पडलं, बेरियम किती का उरेना. बेरियम सल्फेटचा मोल २३३.४ ग्रॅमचा, ७०० ÷ २३३.४ म्हणजे ३.०० मिलिमोल. एका साक्यात एक सल्फेट, म्हणून सल्फेट ३.०० मिलिमोल. २०.० ने भागलं की ०.१५० मोलर. पहिल्या गणिताचीच वाट, उलट्या दिशेने चालायची.

जमलं तर प्रयोगशाळेत शिक्षकांना सांगून एक गोष्ट स्वतःच्या हाताने करून बघ. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात मिठाचं द्रावण थोडं जास्त पडेल असं मोजून ओत. पांढरं, फाटलेल्या दुधासारखं काहीतरी लगेच दिसेल. ते जरा गरम करून ढवळलं की गुठळ्या होऊन खाली बसतात आणि वरचं पाणी नितळ होतं. ते नितळ पाणी दोन परीक्षानळ्यांत घे. एकीत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब सोड, दुसरीत मिठाच्या द्रावणाचा. पहिली नळी गढूळ होते, दुसरी तशीच राहते. पहिलीत गढूळपणा आला कारण क्लोराइड अजून शिल्लक होतं. दुसरीत आला नाही कारण भेटायला सिल्व्हरच उरलं नव्हतं. मी शिकवत असताना ज्या मुलांना लिमिटिंग रिएजंट फळ्यावर कळत नसे, त्यांना या दोन नळ्या शेजारी धरल्यावर कळायचा, आणि नंतर ती मुलं ‘कोण उरलं?’ हा प्रश्न न सांगता विचारायची. (सिल्व्हर नायट्रेट बोटांना लागू देऊ नकोस, काळे डाग कित्येक दिवस जात नाहीत. लेडची क्षारं विषारी आहेत, ती तर हातमोज्यांशिवाय नकोतच, आणि कोणताही उरलेला साका बेसिनमध्ये ओतायचा नाही.)

हाताने प्रयोग केलास तर तराजूवरचा आकडा वहीतल्या आकड्यापेक्षा थोडा कमी येऊ शकतो. घाबरू नकोस. गणितात आपण धरतो की साका अजिबात विरघळत नाही. सिल्व्हर क्लोराइड आणि बेरियम सल्फेट यांच्या बाबतीत ते खऱ्याच्या फार जवळ आहे, लिटरमागे दोन-अडीच मिलिग्रॅम इतकंच विरघळतं. लेड आयोडाइड मात्र साध्या पाण्यात लिटरला पाऊण ग्रॅमच्या आसपास विरघळतं, आणि उकळत्या पाण्यात त्याहून बरंच जास्त. म्हणूनच ते गरम पाण्यात विरघळवून हळूहळू थंड केलं की सोनेरी चकत्या तरंगत खाली येतात. गणिताचा आकडा ही कमाल मर्यादा समज.

विषय सोडण्याबद्दल विचारलंस. या कारणासाठी सोडू नकोस. विषयात मनच रमत नसेल, तर ती गोष्ट वेगळी आणि त्यावर मोकळेपणाने बोलता येईल. पण तू अकरा प्रकारांची यादी केलीस, प्रत्येक चुकलेलं उत्तर पुन्हा तपासलंस, आणि निम्मं कधी येतं याची नोंदही ठेवलीस. मन नसलेलं माणूस एवढं करत नाही.

आता यादी मिटून हे एक गणित कर. ४०.० मि.लि. ०.१५० मोलर कॅल्शियम क्लोराइड आणि ३०.० मि.लि. ०.१०० मोलर सोडियम फॉस्फेट मिसळले. कॅल्शियम फॉस्फेटच्या साक्यात तीन कॅल्शियमना दोन फॉस्फेट असतात आणि त्याचा मोल ३१०.२ ग्रॅमचा. उत्तर ०.४६५ ग्रॅम यायला हवं, आणि मागे कॅल्शियम ०.०२१४ मोलर. ०.६२० आलं, तर तू कॅल्शियम आधी संपवलंस. सहगुणकांनी भागून पुन्हा बघ. ०.९३१ आलं, तर फॉस्फेट संपतं हे तुला बरोबर कळलं, पण एका साक्यात दोन फॉस्फेट जातात हे निसटलं. ग्रॅम जुळले आणि कॅल्शियम मात्र ०.०३७५ आलं, तर तू अजून पहिल्या बाटलीच्या चाळीस मि.लि.नेच भागते आहेस. आणि सगळं जुळलं तर सोडियम, कॅल्शियम आणि क्लोराइड घेऊन प्रभाराचा ताळा कर. जे येईल ते मला कळव, चुकलेलं असेल तर पूर्ण पानासकट.